स्वयंपाकघराचे तास

(पौर्णिमेच्या सायंकाळी विहारात जमलेल्या नवदीक्षित कुटुंबांपुढे एका वकिलांनी केलेले भाषण.)



मला आज हक्कांविषयी बोलण्यास सांगण्यात आले आहे. वकिलाला बोलाविले म्हणजे तो कलमे सांगेल, दाखले देईल, अर्ज कोणत्या कचेरीत करावयाचा ते सांगेल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. यापूर्वी मी तेच केलेले आहे. परंतु आज ज्या हक्काविषयी मी बोलणार आहे, त्याचा अर्ज कोणत्याही कचेरीत घेतला जात नाही. तो आपणच आपल्या घरात एकमेकांस द्यावयाचा आहे, आणि बहुतेक घरांतून तो अद्याप दिला गेलेला नाही. घरच्या बाईने दिवसातला एक तास, मनास येईल ते पुस्तक हाती घेऊन, कोणास उत्तर न देता स्वस्थ बसावे, हा तो हक्क.

काही मंडळी हसत आहेत. विशेषतः मागे भिंतीला टेकून बसलेली पुरुष मंडळी. हसण्यास हरकत नाही. हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा आहे असे काही वर्षांपूर्वी मलाही वाटत होते. ते मत कसे बदलले ते आधी सांगतो.

चाकणच्या आसपास पुणे-नाशिक रस्त्यावर अपघात कसे होतात हे आपणांस सांगावयास नको. मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे चालविणे हे माझ्या व्यवसायाचे एक मोठे अंग आहे. अशाच एका दाव्यात, भाजी घेऊन रस्ता ओलांडणारी एक गृहिणी अवजड वाहनाखाली सापडून मरण पावली होती. नवरा एका सुट्या भागांच्या कारखान्यात कामाला. सज्जन माणूस. दारूस न शिवणारा, पगार घरी आणून देणारा, पंचशील नुसते म्हणणारा नव्हे तर पाळणारा. साक्षीच्या वेळी विमा कंपनीच्या वकिलांनी त्यास सरळ प्रश्न विचारला, "आपल्या पत्नी काय करीत होत्या?" त्याने उत्तर दिले, "काही नाही साहेब. घरीच असायची."

बंधुभगिनींनो, हा मनुष्य खोटे बोलत नव्हता. पत्नीविषयी त्याच्या मनात अनादरही नव्हता. उत्तर देताना त्याचा कंठ दाटून आला होता. त्यास खरोखरच तसे वाटत होते. आणि दोष त्याचा एकट्याचा तरी कसा म्हणावा? दाव्याच्या अर्जात मृताचा व्यवसाय या रकान्यात मीच 'गृहिणी' एवढा एक शब्द लिहून पुढे गेलो होतो. रकाना भरला, काम संपले. एका माणसाच्या वीस वर्षांच्या कामाचे वर्णन करण्याची संधी मी एका शब्दात संपविली होती.

पुढच्या तारखेस त्यांच्या थोरल्या मुलीची साक्ष घ्यावयाची ठरले. ती एकोणीस वर्षांची होती. माझ्या कचेरीत बसून तिने आईचा दिवस मला सांगितला, आणि मी तो लिहून घेतला. पहाटे चारला उठणे, कारण नळाचे पाणी त्या वेळी येई. पहिल्या पाळीच्या आठवड्यात सहाच्या कंपनीच्या बसपूर्वी नवऱ्याचा डबा. त्यानंतर मुलाचा शाळेचा डबा. सासूबाईंना दात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी दुधात कुस्करलेली भाकरी वेगळी. धुणे, दळण, रेशनची रांग. दुसऱ्या पाळीचा आठवडा असला म्हणजे रात्री साडेबारा वाजता पुन्हा चूल, म्हणजे गॅस, पेटविणे. तिसऱ्या पाळीचा असला म्हणजे दिवसा घरात कोणी मोठ्याने बोलू नये म्हणून मुलांना सांभाळत बाहेर बसणे. नवऱ्याची पाळी आठवड्याला बदले; तिची पाळी कधी सुटतच नसे.

मृताच्या वस्तूंच्या यादीत वाचनालयाचे एक ओळखपत्र होते. ते पाहून मी सहज विचारले, "आई वाचत होती काय? केव्हा वाचत असे?" मुलगी म्हणाली, "बाबा दुसऱ्या पाळीला असले की, त्यांची वाट बघताना. बाबा घरी असले म्हणजे पुस्तक पिठाच्या डब्यामागे असायचे." मी कारण विचारले. ती म्हणाली, "बाबा काही बोलले नसते. पण काम नाही का, असे कोणाच्या मनातसुद्धा येऊ नये, म्हणून."

त्या दिवसापासून मला आपल्या घरांतील पिठाचे डबे निराळे दिसू लागले आहेत.

आता कायदा काय म्हणतो तेही सांगणे माझे कर्तव्य आहे. मोटार वाहन कायद्यास १९९४ साली जोडलेल्या परिशिष्टात, न कमावणाऱ्या जोडीदाराचे उत्पन्न कमावणाऱ्याच्या एकतृतीयांश धरावे असे लिहिलेले होते. ते परिशिष्ट पुढे रद्द झाले. जमशेदपूर येथे १९८९ साली एका समारंभात आग लागून अनेक स्त्रिया व मुले मृत्युमुखी पडली. त्या प्रकरणाच्या २००१ सालच्या निकालात, म्हणजे लता वाधवा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या घरकामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले. २०१० साली अरुणकुमार अगरवाल खटल्यात न्यायालयाने एका गोष्टीवर कठोर शब्दांत बोट ठेवले. २००१ च्या जनगणनेत स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांचे संगोपन करणाऱ्या स्त्रिया 'काम न करणारे' या वर्गात टाकल्या होत्या, आणि त्याच वर्गात भिकारी, वेश्या व कैदी होते. शतकानुशतके पंक्तीबाहेर बसविल्या गेलेल्या समाजास ही पंक्ती कोणती ते अधिक समजावून सांगावयास नको.

२०२१ सालच्या जानेवारीत कीर्ती खटल्याच्या निकालात न्यायालयाने सरकारच्या २०१९ सालच्या पाहणीचा आधार घेतला. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. म्हणजे एकीकडे पाच तास, दुसरीकडे दीड तास. तेही त्या दिवशी काही ना काही घरकाम ज्या पुरुषांनी केले त्यांचे. ज्यांनी पाण्याचा पेलासुद्धा उचलला नाही ते या हिशेबात नाहीत. आम्ही चालविलेल्या दाव्यात या निकालांचा उपयोग झाला, मुलीची साक्ष ग्राह्य धरली गेली, आणि तिच्या आईच्या श्रमाचे मोल लावले गेले. रक्कम सांगत नाही. ती त्या कुटुंबाची खासगी बाब आहे.

परंतु लक्षात घ्या, न्यायालय हा हिशेब केव्हा करते? बहुधा ती बाई मेल्यावर. जिवंतपणी हा हिशेब रोजच्या रोज करणारे न्यायालय या देशात नाही. ते आपल्या घरातच भरवावे लागेल.

कामाच्या तासांचा प्रश्न आपणांस नवा नाही. या पट्ट्याचा सारा इतिहासच तासांचा आहे. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला. नंतर चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथे आणि या शतकात चाकणच्या माळावर कारखाने उभे राहिले. आपले वाडवडील बीड, लातूर, नांदेड, बुलढाणा अशा ठिकाणांहून येथे आले ते भोंग्याच्या आवाजावर जगण्यासाठी. त्या भोंग्याला मर्यादा असावी म्हणून ज्यांनी झीज सोसली त्यांत बाबासाहेब होते. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना १९४६ साली त्यांनी कारखाना कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, आणि बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले.

ते तास कमी कशासाठी करावयाचे, याचे उत्तर त्यांनी आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात दिलेले होते. काँग्रेस आणि गांधीजी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, हे तपासणारा तो इंग्रजी ग्रंथ. राजकीय वादासाठीच तो वाचला जातो. पण त्याच्या शेवटाकडे फुरसतीविषयी जे विवेचन आहे, ते प्रत्येक कामगार कुटुंबाने वाचावे असे आहे. पशूचे जीवन आणि माणसाचे जीवन यांतील अंतर संस्कृतीचे आहे. संस्कृतीस फुरसत लागते. आणि माणसाचे कष्ट हलके करून त्यास ती फुरसत मिळवून द्यावी यासाठी यंत्र हवे, असा त्यांचा विचार. म्हणजे त्यांच्या मते फुरसत म्हणजे आळस नव्हे. पोट भरल्यानंतर माणूस ज्या वेळात माणूस म्हणून वाढतो, तो तो वेळ.

मग मला सांगा, ही फुरसत आपल्या घरात कोणास मिळाली? पुरुषाच्या पाळीला सुरुवात आहे आणि शेवट आहे. जादा काम केले तर दुप्पट मजुरी आहे, आठवड्याची सुटी आहे. आणि सुटीच्या दिवशी स्वयंपाकघरात काय होते? त्या दिवशी मटण असते, वाटण असते, दोनाऐवजी चार पदार्थ असतात. नवऱ्याची सुटी म्हणजे बायकोचे जादा काम, आणि तेही बिनमजुरीचे. मिक्सर आला, गॅस आला, कुकर आला, हे खरे. यंत्राने वाचविलेला वेळ मात्र तिच्या हाती आला नाही. तो आपण आणखी एका पदार्थाच्या फर्माइशीत खर्च केला.

ही तक्रार आजच्या शिकलेल्या बायकांनी काढलेली नाही. थेरीगाथा हा ग्रंथ आपल्या विहारांतून असावयास हवा. किती ठिकाणी आहे ते आपणच पाहावे. बुद्धाच्या संघातील थेरींची उद्‌गारवचने त्यात आहेत. त्यांतील मुत्ता नावाची थेरी आपल्या मुक्तीचा आनंद सांगताना उखळाचे आणि मुसळाचे नाव घेते, आणि त्यांच्याच रांगेत आपल्या पाठीत बाक आलेल्या नवऱ्यालाही बसविते. दुसरी एक थेरी स्वयंपाकाच्या भांड्याची आठवण काढते. निर्वाणाची वाट चालणाऱ्या बायकांस सर्वांत आधी आठवले ते मुसळ! मोठमोठी भाष्ये लिहिणाऱ्या पंडितांस जे सुचले नाही ते त्या दोन बायकांनी सांगून ठेवले.

कोणी म्हणेल, वकीलसाहेब स्वयंपाकाच्या विरुद्ध बोलत आहेत. नाही. मी खाण्याचा शौकीन माणूस आहे, हे माझ्याकडे पाहून आपल्या ध्यानात आले असेलच. उलट माझी तक्रार अशी की, घरच्या जेवणाचीही आपणांस लाज वाटू लागली आहे.

याविषयी थोडा विस्तार करतो, कारण नवदीक्षित घरांतून या बाबतीत मोठा गोंधळ दिसतो. १९२७ सालच्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांस मेलेल्या जनावरांचे मांस सोडण्यास आणि शिळ्यापाक्या तुकड्यांसाठी हात पसरणे सोडण्यास सांगितले. येसकराची भाकरी दारोदार मागावयाची, ती घोंगडीत गोळा करावयाची, आणि तीच जातीचा पुरावा म्हणून गळ्यात बांधली जावयाची, ते जिणे त्यांनी टाकावयास लावले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनेही गेली. हे सारे योग्यच झाले. परंतु मागितलेली भाकरी टाकणे निराळे, आणि आपल्या आजीने आपल्या हाताने थापलेली भाकरी टाकणे निराळे. येसर घालून केलेली आमटी, हुलग्याचे माडगे, शेंगोळे, अंबाडीची भाजी, पाट्यावरचा ठेचा, सुकट, बोंबील, यांत लाजण्यासारखे काय आहे? मी पाहतो, निगडी-मोशीकडील नव्या इमारतींत घर घेतले म्हणजे खिडक्या लावून बोंबील भाजले जातात. पाहुणे आले म्हणजे पनीर, आणि पाहुणे गेले म्हणजे बोंबील! कायद्याने ज्यास मनाई आहे ते सोडले, तर आपल्या घरात काय शिजावे हे ठरविण्याचा सर्वसाधारण अधिकार कोणत्याही शेजाऱ्यास नाही. भाडेकरारावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा, एवढा सल्ला मात्र जाता जाता देतो; फी घेत नाही.

शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली लिहिले. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाची त्यात नोंद आहे, आणि २०२४ साली ते इंग्रजीतही आले. मराठीत पाककृतींच्या पुस्तकांचा तोटा कधीच नव्हता. पण आमच्या चुलीवर काय शिजत होते ते त्यांत शोधूनही सापडत नसे. हे पुस्तक मी घरी आणले तेव्हा माझ्या आईने ते चार दिवस खाली ठेवले नाही. वाचता वाचता मध्येच म्हणे, "हे चुकीचे आहे, आमच्याकडे असे करत नसत." मी म्हटले, "मग तू लिही." तिने एक वही मागवून घेतली आहे. पुढे काय होते ते पाहू.

आईचा विषय निघाला म्हणून घरचीच एक गोष्ट सांगतो.

१९७२ च्या दुष्काळात माझे वडील बीड जिल्ह्यातून भोसरीस आले. एका खोलीचे घर. आई रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक करी. वडिलांची दुसरी पाळी असली म्हणजे सकाळी त्यांस वेळ असे, आणि ते उंबऱ्यावर बसून वाचनालयातून आणलेले पुस्तक मोठ्याने वाचीत. आईस तेव्हा अक्षरओळख बेताचीच होती. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' मी प्रथम वाचली नाही. भाकरीच्या थापेच्या तालावर ऐकली. १९५९ सालची ती कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केलेली आहे, आणि १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, हे मला फार पुढे कळले. त्या वेळी मला एवढेच ठाऊक होते की, दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी धान्य लुटणारा एक वीर आहे, आणि त्याचे पुढे काय होणार या काळजीने आईची भाकरी रोज एका बाजूने करपत आहे.

एके दिवशी वडील ऐन रंगात येऊन थांबले, कारण बसची वेळ झाली होती. त्यांचे पाऊल बाहेर पडताच आईने पीठ लागलेल्या हाताने पुस्तक ओढून घेतले आणि अक्षराअक्षरास अडखळत पुढचे पान वाचू लागली. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "तव्यावरची उलथ." मी सात वर्षांचा होतो. भाकरी उलथली, बोट भाजले, रडलोही असेन. आईने मान वर केली नाही. त्या दिवशी ती वाचावयास शिकली, असे मी म्हणेन. साक्षरतेच्या वर्गाने तिला अक्षरे दिली होती हे खरे. पण पुढे काय झाले ते कळलेच पाहिजे, ही तहान तिला कादंबरीने लावली. ती तहान नसेल तर शिकलेली अक्षरे वर्ष-दोन वर्षांत गंजतात.

दुसऱ्या सकाळपासून वडिलांनी एक पान वाचावे आणि एक पान आईने, असे ठरले. आईच्या पानाच्या वेळी तव्याकडे वडील पाहत. त्यांच्या भाकऱ्यांचा आकार गोल कधीच झाला नाही. आम्ही भावंडे त्यांना नकाशे म्हणत असू. पुढे माझी पाळी आली तेव्हा मात्र मी हे सारे विसरलो. वकिलीची पुस्तके घरात आली, माझ्यासाठी टेबल आले, दिवा आला; माझी पत्नी महाविद्यालयात कथा लिहीत असे, ती मला चहा आणून देऊ लागली. माझ्या वडिलांनी पाळी करून जे केले, ते मी कचेरीत बसून केले नाही. त्या मुलीच्या साक्षीनंतर मला प्रथम याची शरम वाटली.

आता वाचनाविषयी. आपल्या समाजाने शिक्षणाचा ध्यास घेतला याचा अभिमान कोणास नाही? परंतु आपल्या घरांतून पुस्तक या शब्दाचा अर्थ परीक्षेचे पुस्तक एवढाच उरला आहे. मुलगी गोष्टीचे पुस्तक घेऊन बसली म्हणजे आपण विचारतो, "हे परीक्षेला आहे काय?" मुलगा स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तके घेऊन बसला तर त्यास दूध मिळते, मुलगी कादंबरी घेऊन बसली तर तिला लसूण सोलावयास मिळतो. ह्यात काही चूक होत आहे असे आपणांस वाटत नाही, कारण पुस्तकाने नोकरी मिळाली पाहिजे, असा आपला हिशेब असतो. गरिबीतून आलेल्यांचा हा हिशेब मी समजू शकतो. पण तो पुरा नाही.

बाबासाहेबांचेच उदाहरण घेऊ. शाळकरी भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्यांस पाहिले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी त्यांस स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. बंधुभगिनींनो, ही भेट परीक्षा झाल्यावर मिळाली! त्यावर प्रश्नपत्रिका निघणार नव्हती, गुण मिळणार नव्हते. बागेत आपल्या आनंदासाठी वाचणारा मुलगा पाहून एका भल्या माणसाने दिलेले ते पुस्तक. त्यातून पुढे काय उगवले, ते १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास जगाने पाहिले. त्या मुलास कोणी "हे परीक्षेला आहे काय?" असे विचारून बागेतून उठविले असते तर?

आणि आपल्या या पट्ट्यातील गोष्ट तर आपणांस ठाऊकच आहे. पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना ज्या वर्षी स्थापन झाला, त्याच वर्षी, २५ डिसेंबर १९५४ रोजी, देहूरोडला बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. दीक्षेला अजून जवळजवळ दोन वर्षे होती. त्या प्रसंगीही त्यांनी सांगितले ते एका पुस्तकाविषयी: सामान्य माणसास समजेल अशा भाषेत बुद्धाच्या शिकवणीवर आपण ग्रंथ लिहीत आहोत. तो ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. मराठीतही आहे. तो आपल्या घराघरांत दिसतो, परंतु पुष्कळ घरांत तो कापडात बांधून उंचावर ठेवलेला दिसतो. सामान्य माणसासाठी लिहिलेले पुस्तक सामान्य माणसाच्या हातास येणार नाही इतक्या उंचीवर! त्यास हळदीचे बोट लागले तर विटाळ होणार नाही. तो शब्द आपण सोडून आलो आहोत.

लपविलेल्या पुस्तकाची गोष्ट माझ्या दाव्यापुरती नव्हती, हे मला नंतर उमगले. फलटणच्या बेबी कांबळे आपल्या छोट्याशा दुकानात बसून पुड्या बांधण्याच्या रद्दीचे कागद वाचीत, आणि 'जिणं आमुचं' हे आत्मकथन त्यांनी घरच्यांपासून लपवून, वर्षानुवर्षे वह्या दडवून लिहिले. १९८६ साली ते ग्रंथरूपाने आले. चळवळीत वाढलेली बाई, चळवळीचे घर, आणि तरी वही लपवावी लागली. ही गोष्ट आपल्या विरोधकांनी केलेली नव्हे. आपली आहे.

उर्मिला पवारांचे 'आयदान' घ्या, बाबुराव बागुलांच्या कथा घ्या, आणि फक्त दुःखाचीच पुस्तके वाचावीत असेही नाही. हेरगिरीच्या कादंबऱ्या घ्या, प्रवासवर्णने घ्या, विनोदी पुस्तके घ्या. कोणी विचारील, याने काय मिळते? मी विचारतो, क्रिकेटचा सामना पाहून आपणांस काय मिळते? तेव्हा तर कोणी पिठाच्या डब्यामागे लपत नाही.

काय करावे हे थोडक्यात सांगतो. यात माझ्या घरी जे टिकले तेवढेच सांगतो, जे फसले ते सोडतो. पहिल्या पाळीच्या आठवड्यात रात्रीचा स्वयंपाक पुरुषाने करावा. साडेतीनला सुटणारा माणूस सातला वरण-भात निश्चित लावू शकतो. बेत साधा असावा. पिठले-भाकरी खाऊन कोणी दगावल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ज्यांना वाचता येत नाही त्या आजीबाईंना नातवाने रोज दोन पाने वाचून दाखवावीत, आणि त्याबदल्यात त्यांच्याकडून एक पदार्थ लिहून घ्यावा. आणि मुलीस काम सांगावयाचे असेल तर तेच काम मुलास सांगून पाहावे. तो करतो काय ते पाहून मग मुलीस सांगावे. यापैकी पहिल्या गोष्टीवर माझ्या घरी तीन महिने वाद चालला, आणि अपील अद्याप प्रलंबित आहे.

विहाराच्या मंडळींशी मी एका पेटीविषयी बोललो आहे. माझ्याकडची चाळीस पुस्तके, सर्व गोष्टींची आणि कादंबऱ्यांची, मी तिच्यात ठेवणार आहे. परीक्षेचे एकही पुस्तक त्यात ठेवू नये, अशी अट मी घातली आहे. पुस्तक नेताना नाव लिहिणारी वही असेल. ती सांभाळण्यास त्याच दाव्यातील मुलगी, जी आता नोकरीस लागली आहे, तयार झाली आहे.

पुढील पौर्णिमेस आपण नेहमीप्रमाणे खीर करणार आहोत. सुजातेची आठवण म्हणून करावयाची ती खीर या खेपेस पुरुषांनी करावी, असे मी सुचवितो. तांदूळ आणि गूळ माझ्याकडून. दुधाची जबाबदारी मागे भिंतीला टेकून बसलेल्या, मघाशी हसलेल्या मंडळींनी घ्यावी. मी सकाळी सात वाजता येथे हजर राहीन. दूध तळाला लागू न देता कसे ढवळावे ते माझ्या आईने मला उशिरा का होईना शिकविले आहे. ती आज पहिल्या रांगेत बसली आहे, आणि खीर लागलीच, तर ती सर्वांदेखत सांगेल.